मानसोपचाराला गेले तर माझं दुखणं ‘मनाचं’ ठरेल का?

तुमची हकिगत मला थोडक्यात अशी समजली. एंडोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढतं त्या आजाराचं) निदान व्हायला कित्येक वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर दीडेक वर्ष बरं गेलं आणि मग ओटीपोटातलं दुखणं परत आलं. पाच महिन्यांपासून त्यावरची डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी सुरू आहे. नुकत्याच केलेल्या सोनोग्राफीत विशेष काही निघालं नाही. पण आता सकाळी उठावंसं वाटत नाही, कशावरूनही रडू येतं, मैत्रिणीचा फोन वाजला तरी उचलवत नाही. घरच्यांनी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं तेव्हा तुम्ही भडकलात. तुम्ही लिहिलंय: ‘इतकी वर्षं सगळं तुझ्या डोक्यात आहे हेच ऐकत आले. आता मीच तिकडे गेले तर फाइलवरही तेच लिहिलं जाईल.’

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाठवलेल्या बायका बऱ्याच असतात: एंडोमेट्रिओसिस, ॲडेनोमायोसिस, पीसीओएस, फायब्रॉइड, योनीमुखाचं जुनाट दुखणं. तुमची भीती त्यांच्यातल्या बहुतेकींना असते, फक्त ती पहिल्या भेटीत बाहेर येत नाही. पहिल्या भेटीत जाडजूड फाइल मांडीवर असते, एक हात पोटावर असतो आणि ‘कशा आहात?’ विचारलं की उत्तर येतं, ‘तशी बरी आहे.’

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवते. दुखणं खरं आहे का, हा एक. मनाला मदत लागतेय का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून पहिल्याचं ‘नाही’ होत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कितीतरी जणांना नैराश्य येतं आणि त्यावर उपचारही होतात, पण म्हणून त्यांचा झटका खोटा होता असं कुणी म्हणत नाही. पाळीशी आणि गर्भाशयाशी संबंधित दुखण्यालाच हा संशय चिकटलेला आहे. त्याचा राग येणं साहजिक आहे. तो राग मी तुम्हाला सोडून द्यायला सांगणार नाही. फक्त त्याच्यापायी स्वतःच्या उपचाराची एक वाट बंद करू नका, एवढंच.

सोनोग्राफीचंही सांगते, कारण तो ‘नॉर्मल’ शब्द तुम्हाला फार लागलेला दिसतो. या आजाराचे पोटाच्या आतल्या आवरणावरचे पातळ, वरवरचे डाग सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. ईश्री या मानवी प्रजननावर काम करणाऱ्या युरोपीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटलंय की तपासणीत काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही असं धरू नये. शिवाय आजार किती पसरलाय आणि किती दुखतंय यांचा मेळ बसत नाही. मोठमोठ्या चॉकलेट सिस्ट (या आजारात अंडाशयात होणाऱ्या, जुनं रक्त साठलेल्या गाठी) असूनही फारसा त्रास नसलेल्या बायका असतात, आणि चार बारीक डागांनी जमिनीवर लोळायला लागलेल्याही.

त्यात आणखी एक गोष्ट घडते. दुखणं वर्षानुवर्षं राहिलं की मज्जासंस्था जास्त हळवी होते. घरात एकदा चोर शिरल्यावर राखणीचा कुत्रा पाचोळा वाजला तरी भुंकायला लागतो, तसं. कुत्रा खोटं भुंकत नसतो, त्याचे कान तिखट झालेले असतात. अशा वेळी भरलेलं मूत्राशय, पोटातला गॅस, तंग कपडा, एवढ्यानंही कळ येऊ शकते. आणि झोपमोड, भीती, सततची काळजी यांनी ते कान आणखी तिखट होतात. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तिच्यातही वेदना हा शरीराच्या जाणिवेचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव मानला आहे. ही व्याख्या सगळ्या वेदनेची आहे, मोडलेल्या हाताचीसुद्धा. तेव्हा मनावर उपचार केल्यानं दुखणं थोडं उतरलं, तर त्यातून ते मनाचं होतं असं काहीच सिद्ध होत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारलंत, ‘हे डिप्रेशन आहे की आजारच?’ न तपासता मी सांगू शकत नाही, आणि बहुतेकदा याचं एकच एक उत्तर नसतंही. तुमच्यासारखी कुणी आली की मी लगेच समुपदेशन सुरू करत नाही. आधी ‘खचल्यासारखं वाटतंय’ याच्या मागे काय काय आहे ते वेगळं करून बघते, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. काही इलाज तर माझ्याकडे नसतातच.

तुमच्या बाबतीत माझी नजर पहिल्यांदा गोळीवर जाते. डायनोजेस्टच्या नोंदलेल्या दुष्परिणामांत मन उदास होणं, झोप बिघडणं, डोकं दुखणं, कामेच्छा कमी होणं हे सगळं आहे. प्रत्येकीला होत नाही. कितीतरी जणींना हीच गोळी वरदान ठरते, कारण दुखणं थांबलं की मनही वर येतं. पण तुम्ही म्हणता गोळी पाच महिन्यांपासून, आणि रडू येणं ‘दोन-तीन महिन्यांत’ सुरू झालं. काळ जुळतो. यावरून गोळीच कारण आहे असं ठरत नाही, पण डॉक्टरांना सांगण्याइतका हा दुवा नक्कीच पक्का आहे. स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका, दुखणं आणि रक्तस्राव उसळू शकतो. ‘गोळी सुरू केल्यावर इतक्या आठवड्यांनी मन खचायला लागलं, याआधी असं कधी झालं होतं किंवा नव्हतं, दुसरा पर्याय आहे का?’ असं सरळ विचारा. पर्याय असतात. उद्या कुणी जीएनआरएच गटातलं (अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवणारं) इंजेक्शन सुचवलं, तर त्यानं इस्ट्रोजेन खाली जातं, अंगातून गरम वाफा येतात, झोप मोडते, मनःस्थितीवरही परिणाम होऊ शकतो. तो सुसह्य करायला बरोबर थोडी हार्मोन्स देतात, त्याबद्दल आधीच विचारून घ्या.

दुसरं रक्त. अंगावरून खूप जात असेल किंवा पूर्वी खूप जायचं, तर शरीरातलं लोह संपलेलं असू शकतं. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून तो साठा दाखवणारं फेरिटिन वेगळं तपासायला लागतं. लोह कमी असलं की थकवा येतो, धाप लागते, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. हे सगळं नैराश्यासारखंच दिसतं. थायरॉइड आणि बी-१२ ही त्याच रक्तात पाहून घेता येतं. लोहाच्या गोळ्यांनी जो थकवा गेला असता, त्यासाठी कुणी महिनोन् महिने माझ्यासमोर बसून आपल्या आळशीपणाबद्दल बोलत राहावं, हे मला पटत नाही.

तिसरं, पाळीचं चक्र. पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस जीव नकोसा होतो आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत आभाळ मोकळं होतं, असं ज्यांचं होतं त्यांच्यात पीएमडीडी नावाचा वेगळा विकार असू शकतो. २०१३ पासून तो मानसविकारांच्या डीएसएम-५ या पुस्तकात स्वतंत्र निदान म्हणून आहे. किंवा आधीपासूनच असलेलं नैराश्य त्या दिवसांत उसळी घेत असेल. दोन्हींचे उपचार सारखे नाहीत. तुमची पाळी गोळीमुळे थांबली असेल तर हा भाग सध्या लागू नाही, पण हे वाचणाऱ्या इतर कुणाला असेल. आठवणीवर विसंबून हे निदान करत नाहीत. किमान दोन चक्रं रोजच्या रोज नोंद हवी.

राहिलं खरंखुरं दुःख. गेलेली वर्षं, सोडलेली नोकरी, मूल होईल की नाही याची टांगती तलवार, जवळच्यांनी न ठेवलेला विश्वास. याला रक्ततपासणी नाही. इथे मात्र माझं काम सुरू होतं.

हे सगळं वेगळं करायला मी नोंदवही सांगते, आणि ती मुद्दाम आखूडच ठेवायला सांगते. लांबलचक वेदना-डायरी लिहिणाऱ्या बायका दिवसभर पोटाकडेच कान लावून बसतात, मग दुखणं वाढतं. रात्री झोपताना एक ओळ, एवढंच. एका बाईंच्या वहीतल्या अशा ओळी आहेत (त्यांना विचारून, थोडं बदलून देते आहे):

‘दिवस २३. दुखणं ४. मन २. झोप ५ तास. बहिणीशी भांडण.’
‘दिवस २४. दुखणं ३. मन २. झोप ४ तास. काही कारण नाही.’
‘दिवस २. दुखणं ८. मन ६. झोप ६ तास. दुखतंय पण हलकं वाटतंय.’

दुखण्याला ० म्हणजे अजिबात नाही, मनाला ० म्हणजे अगदी तळ. शेवटची ओळ पाहा. सगळ्यात जास्त दुखतंय त्या दिवशी मन वर आहे. ‘दुखतं म्हणून मी रडते’ असं या बाई स्वतःही समजत होत्या आणि घरचेही. दोन महिन्यांच्या ओळी समोर आल्यावर दिसलं की मन कोसळतं ते दुखण्याआधीच्या आठवड्यात. औषध बदललं गेलं ते त्या वहीमुळे. तुमची पाळी बंद असेल तर ‘दिवस’च्या जागी गोळीचा कितवा आठवडा ते लिहा.

डॉक्टरांच्या दहा मिनिटांत हीच वही उपयोगी पडते. ‘मला बरं वाटत नाही’ या वाक्यावर ‘टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर येतं. ‘गेल्या महिन्यात ११ दिवस मला कामावर जाता आलं नाही आणि १४ रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली’ या वाक्यावर तसं उत्तर देणं अवघड जातं. सर्वांत महत्त्वाचं आधी बोला, निघताना दाराशी नको. शक्य असेल तर कुणाला तरी बरोबर न्या. माझ्या अनुभवात शेजारी वही घेऊन बसलेलं माणूस असलं की डॉक्टर जास्त सविस्तर बोलतात. हे असं असायला नको, पण आहे.

नैराश्य मोजायची एक प्रश्नावली तुम्हाला कुठेतरी भरायला देतील, पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, २७ पैकी गुण, १० किंवा त्याहून जास्त आले की नीट लक्ष द्यायला हवं असा साधारण संकेत. तुमच्यासारख्या आजारात ती थोडी जपून वाचावी लागते. झोप, थकवा, भूक, एकाग्रता हे चार प्रश्न दुखण्यानंच भरून जातात आणि आकडा फुगतो. म्हणून मी त्यातल्या दुसऱ्या प्रश्नांकडे जास्त बघते: दुखणं कमी असलेल्या दिवशीही आवडीच्या गोष्टीत मन रमत नाही का? आपण निरुपयोगी आहोत, सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटतं का? तुम्ही मैत्रिणीच्या फोनबद्दल जे लिहिलंत, ते मला थकव्यापेक्षा इकडचं वाटतं. त्यामुळे माझं मत विचाराल तर, गोळीचा छडा लागेपर्यंत थांबू नका. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू करा.

प्रत्यक्ष उपचारात काय होतं, याची तुम्हाला धास्ती आहे म्हणून सांगते. ‘सकारात्मक विचार करा’ असं मी कुणालाच सांगत नाही. आम्ही सगळ्यात आधी बऱ्या दिवसाबद्दल बोलतो. ज्या दिवशी दुखत नाही त्या दिवशी बायका काय करतात? महिनाभराची तुंबलेली कामं उपसतात. कपाटं आवरली, पांघरुणं धुतली, सगळ्यांच्या राहिलेल्या भेटी उरकल्या. दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस अंथरुणात. मग चीड, मग ‘आपल्याच्यानं काही होत नाही’, मग पुढचा बरा दिवस आला की पुन्हा तेच. हे चक्र मोडायला कामाचा शेवट दुखण्यावर न ठेवता घड्याळावर ठेवायचा. उभं राहून काम करताना साधारण २५ मिनिटांनी कळ येत असेल, तर १५ मिनिटांनी बसायचं, अजिबात दुखत नसलं तरी. वाईट दिवशी सगळं सोडून द्यायचं नाही, पाच मिनिटं का होईना काहीतरी करायचं. ऐकायला हे फारच साधं वाटतं, पण करताना फार जड जातं, विशेषतः ज्यांना अर्धवट काम डोळ्यांसमोर बघवत नाही त्यांना. त्या अर्धवट कामाबरोबर बसता येणं हाच अर्धा उपचार असतो. मग ‘आता हे कधीच थांबणार नाही’ असं कळ आल्याबरोबर मनात येतं त्या विचारावर काम, झोपेवर काम, आणि घरच्यांना ‘नाही’ म्हणण्यावर.

श्वासाचे आणि शिथिलतेचे व्यायामही असतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वर्षानुवर्षं आवळून धरलेले असतात, ते सैल व्हायला शिकवावं लागतं. त्यातल्या जाणकार फिजिओथेरपिस्टची मदत मिळाली तर उत्तमच. इंटरनेटवर बघून केगल सुरू करू नका. तो स्नायू आवळायचा व्यायाम आहे, आधीच आवळलेल्यांचं त्यानं जास्त दुखू शकतं. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर तेही याच यादीत येतं. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाहीत, आणि इथे लिहायची गरजही नाही, पण ज्यांच्याकडे उपचार घ्याल त्यांना सांगा. अंगावर काढण्याची ती गोष्ट नाही.

औषध लागेल का? कदाचित. नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या सुचवतील, आणि त्यांतल्या काही वेदनेवरही उपयोगी पडतात. एक गोष्ट आठवणीनं सांगा: तुम्ही दुखण्यासाठी मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखं काही घेता का, आणि किती दिवस. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या आणि ही वेदनाशामकं एकत्र घेतली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दोन वेगळे डॉक्टर, दोन वेगळ्या चिठ्ठ्या, त्यामुळे हे हमखास निसटतं. एकाच कागदावर तुमची सगळी औषधं लिहून तोच दोघांना दाखवा. आयुर्वेदिक किंवा दुकानातून परस्पर आणलेलंही त्यात आलं.

एका वाक्याबद्दल मला थेट विचारायचं आहे. तुम्ही ओघात लिहिलंय, ‘कधी कधी वाटतं झोपेतून उठूच नये.’ दुखण्यानं बेजार झालेल्या माणसाला असं वाटतं, त्यात तुम्ही एकट्या नाही आणि वेड्याही नाही. पण ‘उठू नये’ इथपर्यंतच आहे, की स्वतःला काही करून घ्यावं असंही मनात येतं, कसं ते डोळ्यांसमोर येतं? दुसरं असेल तर वर लिहिलेलं सगळं नंतर बघू. आजच घरातल्या एका माणसाला हेच शब्द वापरून सांगा, त्या माणसाला जवळ थांबायला सांगा, गोळ्यांचा साठा त्याच्या ताब्यात द्या, आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा तुम्ही राहता तिथल्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. गोळी सुरू झाल्यावर हे विचार आले असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही त्याच दिवशी कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

फाइलवर काय लिहिलं जाईल, तो प्रश्न राहिला. तुम्ही तो आधीच विचारू शकता. पहिल्या भेटीत म्हणा, ‘मला एंडोमेट्रिओसिस आहे, त्याचे उपचार सुरूच राहणार आहेत. इथे मी त्या आजारासोबत जगताना मनावर आलेल्या भारासाठी आले आहे. तुमच्या नोंदीत हे असंच यावं.’ स्त्रीरोगतज्ज्ञांना पाठवायचं पत्र आधी तुम्हाला वाचायला द्यायला सांगा. यात कुणाचा अपमान होत नाही. मी स्वतः अशी पत्रं दाखवूनच पाठवते. समोरच्या व्यक्तीनं तुमच्या दुखण्याबद्दल आणि औषधांबद्दल चार प्रश्न विचारले, तर ठीक चाललंय. सहा-आठ भेटींनंतर काय बदललं याचा दोघांनी मिळून आढावा घ्या. आणि कुणी ‘एक मूल होऊ द्या, सगळं थांबेल’ म्हणालं, तर खुशाल दुसरीकडे जा. केवळ या आजारावर इलाज म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असं त्याच २०२२ च्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे.